दीर्घ शब्दांचा विग्रह आणि आघात

परभाषेतील लांबलचक शब्द पाहून वाचक बिचकतो, तो वर्णांच्या संख्येमुळे नव्हे. सांधा कोठे आहे हे उमगत नाही म्हणून. डच भाषेत संस्कृत समासाप्रमाणे पदे सलग लिहितात. काम करण्यास असमर्थ ठरलेल्यांच्या विम्यासाठी तेथे दहा उच्चारावयवांचा एकच शब्द आहे. बोलताना तो अवघड वाटत नाही; कारण अशा समासांत मुख्य आघात बहुधा पहिल्या पदावर पडतो. अपवादही आहेत. नगरभवनाच्या डच नावात तो शेवटच्या पदावर येतो.

या भाषेचे शुद्धलेखनच अवयवविभागणीवर उभे आहे. 'मान' म्हणजे चंद्र आणि 'मन' म्हणजे पुरुष. चंद्राच्या अनेकवचनात पहिला अवयव स्वरान्त राहतो, म्हणून तेथे एक स्वरवर्ण पुरतो. पुरुषाच्या अनेकवचनात व्यंजन दुप्पट करून तो अवयव बंद करतात. जे मराठी काना देऊन दाखवते, ते डच विभागणीतून सुचवते.

पण आघात मात्र लेखनात एरवी दिसत नाही. 'बलेत्ये' हा एकाच वर्णांनी लिहिलेला शब्द घ्या. आघात पहिल्या अवयवावर असेल तर अर्थ लहान चेंडू, दुसऱ्यावर असेल तर छोटेखानी बॅले. ओळीअखेर त्यांची फोडही वेगवेगळ्या ठिकाणी होते. 'फोरकोमेन' या क्रियापदात आघात आरंभी असल्यास 'आढळणे', मध्ये असल्यास 'टाळणे'. मराठीत 'दिन' आणि 'दीन' यांतील भेद लेखनातच दिसतो. डच वाचकाला तो संदर्भावरून ओळखावा लागतो. गरज पडल्यास स्वरावर आघातचिन्ह देण्याची मुभा आहे, हे खरे. परंतु मुभा म्हणजे नियम नव्हे. ही या लेखनपद्धतीची उणीवच मानली पाहिजे.

पदच्छेदाचा घोटाळा याहून गमतीचा आहे. 'क्वार्तस्लाखेन' एका ठिकाणी तोडला तर 'पाव वेढे', एक वर्ण पुढे तोडला तर 'स्फटिकाचे थर'. आपले काव्यशास्त्र याला सभंग श्लेष म्हणेल. कवीला तो शोभतो. बातमीत तो दोष ठरतो.

तरीही एका नियमासाठी डचांना दाद द्यावीशी वाटते. 'ओमा' म्हणजे आजी. तिचे लाडके रूप लिहिताना स्वर टिकावा म्हणून एक स्वरवर्ण वाढवतात. पण शब्द ओळीअखेर तेथेच तुटला, तर तो वाढीव वर्ण गळतो, कारण तोडणीनेच त्याचे काम केलेले असते. 'हिरवे पुस्तक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अधिकृत शब्दसूचीची २००५ ची आवृत्ती शब्द कोठे तोडावा हे सांगते. शब्द तोडणे हे केवळ जुळाऱ्याचे काम नाही, तो अर्थनिर्णय आहे, ही जाण त्यामागे आहे. यंत्राने शब्द कोठेही तोडलेली आपली पाने पाहताना ही जाण आपणही बाळगली पाहिजे.