गेला आणि दिली

आमच्या पाथरीत कुणाचा मुलगा नोकरीला लागून शहरात राहू लागला, की ‘पोरगा पुण्याला गेला’ असे म्हणतात. मुलगी त्याच पुण्यात नांदू लागली, तर ‘पोरगी पुण्याला दिली’. एस.टी. तीच, रस्ता तोच. क्रियापदे मात्र दोन. आपल्या वाङ्मयानेही ही वाटणी निमूटपणे मान्य केली आहे, अशी माझी तक्रार आहे.

अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती गाजली, आणि मैनेचा विरह बेळगाव-कारवारच्या विरहाला जाऊन मिळाला, हे तिचे थोरपण निर्विवाद आहे. परंतु निघालेला पुरुष आणि मागे उरलेली स्त्री, हे चित्र आपल्या मनात असे काही ठसले की दुसरे सुचेचना. खुद्द अण्णाभाऊंचे कुटुंब 1931 च्या सुमारास वाटेगावाहून पायी मुंबईस निघाले, तेव्हा आई वालुबाईही त्याच वाटेने चालत होत्या!

गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घातले ते खानावळवाल्या बायांनी. त्यांतल्या पुष्कळजणी गावाकडूनच आलेल्या. सावकाराच्या व्याजात त्या पिचत होत्या, म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. विरहाची गाणी म्हणणाऱ्यांची भाकरी कुणी थापली, याची विचारपूस आमच्या टीकाकारांनी फारशी केलेली नाही.

जनगणनेची वहीही निराळी नव्हे. 2011 च्या गणनेत स्थलांतरितांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया होत्या, आणि बहुतेकींच्या नावापुढे कारण एकच : विवाह. त्यांतल्या पुष्कळ खेड्यातून खेड्यातच गेल्या, हे खरे. पण शहरात येऊन जिने चार घरची धुणीभांडी धरली, तिचाही तो रकाना बदलत नाही.

आता आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई पाहा. परंपरा सांगते, की ती लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी राहिली. म्हणजे तेराव्या शतकात ही पोर घर सोडून गेली ती लग्नासाठी नव्हे, राबण्यासाठी! आणि तिच्या अभंगांत विठ्ठल येतो तोही दळणाला हात लावायला. शाळेत हे अभंग भक्तिरसाचे म्हणून शिकवतात, ते आहेतच. मला मात्र त्यांत परगावी राबणाऱ्या बाईचे दिवसभराचे काम, एकेक भांड्यासकट, दिसते. नंतरच्या किती कादंबऱ्यांत ते इतके स्पष्ट दिसते?

अलीकडे आमच्या वर्गातल्या मुली नर्सिंगला, पोलीसभरतीला शहरात जातात. त्यांच्यासाठी गावाने ‘पाठवली’ असा तिसरा शब्द काढला आहे. कारण ‘पोरगी पुण्याला गेली’ असे नुसते म्हटले, तर ऐकणारा विचारतो, ‘कुणाबरोबर?’