शब्द कराराचा, माप जुने : २०१६च्या अपंग हक्क कायद्याची एक समीक्षा

आंतरराष्ट्रीय करार हा राष्ट्राने जगाला दिलेला शब्द असतो, आणि त्या करारावरून घडविलेला देशी कायदा हा त्या शब्दाचा एक प्रकारे अनुवादच होय. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी संमत झाला. भारताने ३० मार्च २००७ रोजी त्यावर स्वाक्षरी केली व १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास अनुसमर्थन दिले. त्यास अनुसरून संसदेने केलेला २०१६चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. ह्या अनुवादात मुळाची दृष्टी कितपत उतरली आहे, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. विवेचन केवळ तात्त्विक पातळीवर राहू नये, म्हणून खानदेशातील पारोळा तालुका डोळ्यांसमोर ठेवला आहे.

प्रथम मुळाकडे पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या १९७५च्या जाहीरनाम्यात, शारीरिक वा मानसिक उणिवेमुळे जो आपल्या जीवनाच्या गरजा स्वतः भागवू शकत नाही तो अपंग, अशी व्याख्या होती. उणीव देहात आणि असमर्थताही देहातच, असा तिचा आशय. २००६च्या कराराने हे स्थान बदलले. देहातील न्यूनता आणि समाजाने उभे केलेले अडथळे ह्यांच्या संयोगातून अपंगत्व घडते, ही त्याची भूमिका आहे. पायऱ्या चढता न येणे ही जशी पायांची गोष्ट, तशीच ती पायऱ्यांचीही गोष्ट होय. ह्या एका विचारातून दयेची भाषा मागे पडते आणि हक्काची भाषा पुढे येते.

२०१६च्या कायद्याने ही व्याख्या दुसऱ्या कलमात जवळजवळ जशीच्या तशी घेतली आहे. १९९५च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी एकवीस प्रकार आले. शासकीय सेवेतील आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर गेले. ह्या लाभांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याच दुसऱ्या कलमात आणखी एक व्याख्या आहे : किमान चाळीस टक्के अपंगत्व प्रमाणित झालेली व्यक्ती. आरक्षणासारखे महत्त्वाचे लाभ ह्या दुसऱ्या व्याख्येवर अवलंबून आहेत. पहिल्या व्याख्येने अपंगत्व देहाबाहेर आणले. दुसरीने ते पुन्हा देहात नेऊन टक्क्यांनी मोजले.

ह्याचा व्यवहारातील अर्थ पारोळ्यात स्पष्ट दिसतो. पारोळ्याहून धुळे जवळ, जळगाव त्याहून बरेच दूर. २०१७च्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्रासाठी निवासाच्या जिल्ह्यातील वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे, किंवा जेथे उपचार झाले अशा शासकीय रुग्णालयाकडे अर्ज करावयाचा असतो. म्हणजे ज्याचे उपचार धुळ्यास झालेले नाहीत त्याची वाट जळगावचीच. ज्यास प्रवास दुष्कर, त्यानेच आपली दुष्करता सिद्ध करण्यासाठी लांबचा प्रवास करावा, हा विपर्यास आहे. शिवाय त्या प्रमाणपत्रात अवयवाचे टक्के लिहिले जातात. बसची उंच पायरी वा कचेरीचा जिना त्यात कोठेही नोंदला जात नाही.

मर्यादित जागांची वाटणी करावयाची तर काही माप हवेच, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मात्र ते माप आरक्षणापुरते ठेवावे. सर्व सोयींच्या दाराशी ते उभे करू नये. सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार ह्यांच्या प्रकरणात (२०२१) हाच विवेक दाखविला. लिहिताना हात आखडणाऱ्या परीक्षार्थीस लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही, असा तो निर्णय आहे.

दुसरी कसोटी निर्णयाधिकाराची. कराराच्या बाराव्या कलमानुसार प्रत्येक अपंग व्यक्तीस इतरांच्या बरोबरीने कायदेशीर कर्तृत्व आहे. साहाय्य द्यावे, पण तिच्या जागी दुसऱ्याने निर्णय घेऊ नये. आपल्या कायद्याचे तेरावे कलम हे तत्त्व मान्य करते. चौदावे कलम मात्र मर्यादित पालकत्वाची वाट मोकळी ठेवते. पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करावा, असे तेथे म्हटले आहे खरे. पण मतभेद झाल्यास कोणाचा शब्द चालेल, हे त्या कलमाच्या शब्दांतून उलगडत नाही. शेतीच्या मुलखात हा प्रश्न सातबाराच्या उताऱ्यावर येऊन ठेपतो. बौद्धिक न्यूनता असलेल्या प्रौढ बहिणीचा जमिनीत हिस्सा आहे, अशी कल्पना करा. कापसाचे ते रान विकावयाचे की राखावयाचे, हे तिला समजेल अशा रीतीने सांगून तिचे मत घेतले जाणार, की अज्ञान मुलाप्रमाणे तिच्या वतीने अन्य कोणी अंगठा उठविणार? कराराचे यशापयश अशा ठिकाणी ठरते.

नावाचा बदल ह्या प्रश्नास पुरेसे उत्तर नव्हे. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आले. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही स्थापिला. विभाग असणे इष्टच. तथापि ‘दिव्य’ हे विशेषण आणि ‘कल्याण’ हे नाम ह्यांच्यामध्ये ‘हक्क’ हा शब्द राहून गेला आहे, हे भाषेच्या अभ्यासकाने नोंदविले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही २०१९ मध्ये भारताविषयीच्या निरीक्षणांत ही संज्ञा वादग्रस्त असल्याचे म्हटले होते.

राजीव रतुरी प्रकरणात (८ नोव्हेंबर २०२४) सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा पंधरावा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक निकष आखण्यास सांगितले. कायद्याचे वाचन कराराच्या प्रकाशात करता येते, ह्याचे हे उदाहरण होय. अशा वाचनाची निकड एका कारणाने अधिक आहे. वैयक्तिक तक्रार आंतरराष्ट्रीय समितीपुढे नेण्याची मुभा देणारा पूरक मसुदा भारताने स्वीकारलेला नाही. पारोळ्यातील नागरिकास जिनिव्हाचे दार बंद आहे. जगाला दिलेला शब्द त्याच्यापर्यंत पोहोचावयाचा तर तो तलाठ्याच्या नोंदवहीतून, रुग्णालयाच्या प्रमाणपत्रातून आणि न्यायालयाच्या निकालातूनच पोहोचेल. म्हणून ह्या कागदांची भाषा तपासणे हे आपल्या अभ्यासाचेच काम आहे.