कव्हर गाणं आणि ‘हौशी’ हा शब्द

कव्हर गाण्यांचा विषय घेतला की बरेच जण कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ३१सी पुढे करतात. ते नीट वाचा. पाच वर्षांची अट, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी, हे सगळं ध्वनिमुद्रणापुरतं आहे. स्टेजवर गाण्यासाठी शब्द आणि चाल यांच्या सादरीकरणाचा परवाना लागतो. तो बहुधा आयोजक आयपीआरएसकडून घेतो.

खरी ढिलाई कलम ५२(१)(एल) मध्ये आहे. हौशी मंडळ फुकट्या प्रेक्षकांसमोर गायलं, तर परवान्याची गरज नाही. पण ‘हौशी’ कोण, हे कायदा सांगतच नाही. सोसायटीच्या कोजागरीला तिकीट नसतं, गाणाऱ्यांना मात्र मानधन मिळतं. मग गीतकाराला का नको? तुमचा संशोधन-प्रश्न इथे सुरू होतो.