प्रेक्षकाच्या बाजूने

पडद्यावर पाहून मनात ठसलेली जागा प्रत्यक्ष पाहायला जाऊ नये, असे शहाणी माणसे सांगतात. जागा लहान वाटते, चित्र फिके पडते आणि दोन्हीकडून निराशाच पदरी येते. सहलीला निघालेल्या माणसाला हा सल्ला योग्य असेल. परंतु ज्याला त्या चित्राविषयी चार शब्द लिहायचे आहेत, त्याने ती जागा पाहावी, असे माझे मत आहे. कलावंताने तिथून काय उचलले ते चित्रपटात दिसतेच. काय तिथेच ठेवून दिले, हे मात्र तिथे गेल्याशिवाय कळत नाही. इटलीतील मोन्झा येथील मोटारशर्यतींचा मार्ग मी एक साधा प्रवासी म्हणून पाहिला आणि जॉन फ्रँकनहायमर यांच्या १९६६ सालच्या ‘ग्रँड प्री’ या चित्रपटाविषयी बरीच वर्षे मनात घोळणारी शंका तिथे स्पष्ट झाली. ती वाचकांपुढे ठेवतो.

चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे. पीट अ‍ॅरन हा अमेरिकन, सार्ती हा फ्रेंच, स्टॉडार्ड हा इंग्रज आणि बार्लिनी हा इटालियन, असे चार चालक. जगज्जेतेपदासाठी त्यांची वर्षभर चाललेली चुरस मोनॅकोला सुरू होते आणि मोन्झाला संपते. मधल्या मोकळ्या जागा प्रेमप्रकरणांनी भरल्या आहेत आणि त्यांतली बहुतेक पाणी घालून वाढवलेली आहेत. हे दोष कुणालाही दिसतील; त्यांच्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

चित्रपटाचे खरे सामर्थ्य शर्यतींत आहे. मोटारींवर कॅमेरे बांधून ही दृश्ये टिपली. १९६१ चा जगज्जेता फिल हिल याने कॅमेऱ्याची मोटार स्वतः चालवली आणि अ‍ॅरनची भूमिका करणाऱ्या जेम्स गार्नरनेही आपली मोटार आपणच हाकली. सॉल बास यांनी पडद्याचे तुकडे पाडून एकाच वेळी दहा ठिकाणचा गलबला दाखवला. या चित्रपटाला तीन ऑस्कर पारितोषिके मिळाली: ध्वनिमुद्रणाचे, ध्वनिपरिणामांचे आणि संकलनाचे. म्हणजे बक्षीस कानाला मिळाले आणि कात्रीला मिळाले; लेखकाला किंवा नटाला नाही. परीक्षकांनी योग्य तोच न्याय केला.

आता जागेविषयी. माझा एक जुना विद्यार्थी मिलानमध्ये नोकरीला आहे, त्याच्याबरोबर मी तिथे गेलो. मिलानहून मोन्झा आगगाडीने फार दूर नाही. शर्यतीचा मार्ग कुठल्याशा उजाड माळावर असेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात तो एका राजवाड्याच्या उपवनात आहे. नेपोलियनचा प्रतिनिधी म्हणून इटलीवर कारभार करणाऱ्या यूजेन द बोआर्ने याने १८०५ नंतर हे उपवन आखले. क्षेत्रफळ सुमारे ७०० हेक्टर, भोवती तट. २९ जुलै १९०० रोजी उंबेर्तो या राजाचा मोन्झात खून झाला. तो एका व्यायामसंस्थेच्या समारंभातून, बक्षिसे वाटून बाहेर पडत होता. राजघराण्याचे मन या जागेवरून उडाले. पुढे १९२२ मध्ये तटाच्या आत शर्यतीचा मार्ग बांधला गेला. साडेतीन हजार मजुरांनी ११० दिवसांत तो उभा केला. खून झाला त्या जागी राजासाठी एक प्रायश्चित्ताचे प्रार्थनामंदिर आहे. बक्षीस समारंभाचा पाहुणा मेला तर त्याचे मंदिर होते, ही गोष्ट मी मनात ठेवली. तिचा उपयोग पुढे होणार आहे.

शर्यत नसेल त्या दिवशी हे उपवन अगदी घरगुती असते. म्हातारी माणसे फिरतात, मुले सायकली हाकतात आणि झाडीपलीकडून मधूनच एखाद्या इंजिनाचा आवाज येतो. त्या झाडीतच १९५५ मध्ये बांधलेला जुना, कललेला मार्ग आहे. इटालियन लोक त्याला ‘सोप्राएलेवाता’, म्हणजे उंचावलेला, म्हणतात. वेग न सोडता मोटारींना वळता यावे म्हणून काँक्रीटचा रस्ता एका बाजूने उचलून धरलेला. वरच्या कडेला उतार सुमारे ३८ अंशांचा आहे. मी खालून चढू लागलो. चार पावलांनंतर हात टेकावे लागले. “गुरुजी, चपला काढा,” विद्यार्थी खालून ओरडला. चपला काढूनही मी निम्म्यापर्यंतच पोचलो आणि तिथे ओणवा बसून राहिलो.

हीच भिंत मी पडद्यावर पाहिली होती आणि तेव्हा तिचा चढ मला जाणवलाच नव्हता. का जाणवला नाही, ते तिथे बसल्या बसल्या लक्षात आले. कॅमेरा मोटारीला बांधलेला आहे. मोटार कलली की कॅमेराही तिच्याबरोबर कलतो. मग रस्ता सरळ राहतो आणि झाडे, माणसे, आभाळ, सारे जग तिरपे होते. पायी गेलेल्या माणसाला नेमके उलटे दिसते. झाडे सरळ असतात, माणसे सरळ असतात, तिरपा असतो तो रस्ता. ‘ग्रँड प्री’ची सारी नीती या बांधलेल्या कॅमेऱ्यात आहे, असे मला वाटते. तो चालकाच्या बाजूने इतका घट्ट बांधला आहे की बाहेरचे जग त्याला तिरपेच दिसणार.

याचा पुरावा चित्रपटाच्या कथेत आहे. बेल्जियममधील स्पाच्या शर्यतीत सार्तीची मोटार मार्ग सोडून जाते आणि दोन मुले मरतात. ही दोन मुले कोण, कुणाबरोबर आली होती, हे चित्रपट आपल्याला सांगत नाही. त्यांच्या मरणाचे पुढे एकच काम उरते: सार्तीचे मन खचवणे. मी कादंबरीकार आहे. हा मोह माझ्या ओळखीचा आहे. नायकाच्या मनावर ओझे हवे असते, म्हणून रस्त्यावरचे एखादे पोर मारले जाते. कथानकाला ते सोयीचे असते. परंतु ज्याच्या मरणाचा उपयोग करून घ्यायचा, त्याला निदान एक चेहरा देणे हे लेखकाचे कर्ज असते. फ्रँकनहायमर यांनी ते फेडलेले नाही.

शेवटची शर्यत मोन्झाची. ती या कललेल्या मार्गावरून जाते. वस्तुतः १९६६ ची खरी शर्यत इथून गेलीच नव्हती. खडबडीत काँक्रीट धोक्याचे आहे म्हणून १९६० मध्ये ब्रिटिश संघांनी मोन्झाच्या शर्यतीवर बहिष्कार घातला होता, आणि १९६१ नंतर जगज्जेतेपदाची शर्यत या भिंतीवरून कधीच झाली नाही. चित्रपटाने ती भिंत पुन्हा जागी केली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कलावंताला एवढी सवलत असते. स्टॉडार्डच्या मोटारीची धूर सोडणारी नळी गळून पडते, तिच्यामुळे सार्तीचा ताबा सुटतो आणि त्याची मोटार कडेवरून बाहेर फेकली जाते. फेरारीचा मालक आपल्या दुसऱ्या चालकालाही काळे निशाण दाखवून थांबवतो. मृताला दिलेला हा मान पाहून प्रेक्षकाचे डोळे पाणावतात.

या प्रसंगाशेजारी १९६१ सालची खरी शर्यत ठेवून पाहा. १० सप्टेंबरचा दिवस. फेरारीचा जर्मन चालक वोल्फगांग फॉन ट्रिप्स त्या दिवशी जगज्जेता होण्याची शक्यता होती. दुसऱ्याच फेरीत पॅराबोलिका या वळणाच्या अलीकडे त्याची आणि जिम क्लार्कची मोटार एकमेकींना घासल्या. ट्रिप्सची मोटार कडेचा बांध चढून कुंपणाला लागून उभ्या असलेल्या लोकांत गेली. तो मेला आणि त्याच्याबरोबर पंधरा प्रेक्षक मेले. काळे निशाण कुणी दाखवले नाही. शर्यत थांबली नाही. फेरारीच्याच फिल हिलने ती जिंकली आणि ३४ विरुद्ध ३३, अशा एका गुणाने मेलेल्या सहकाऱ्यावर मात करून तो जगज्जेता झाला. पाच वर्षांनी चित्रपटासाठी कॅमेऱ्याची मोटार चालवणारा फिल हिल तो हाच.

म्हणजे चित्रपटाने दोन बदल केले. फेरारीला अधिक माणुसकीचा केला, आणि मोन्झाच्या मृत्यूतून प्रेक्षकांना वगळले. पहिला बदल मी क्षम्य मानतो. दुसरा मानत नाही. मोन्झाच्या इतिहासात प्रेक्षकांचे मरण हा अपवाद नाही. १९२८ मध्ये एमिलिओ मातेरास्सीची मोटार गर्दीत घुसून वीसहून अधिक प्रेक्षक दगावले होते. त्यानंतर १९३१ पर्यंत इटलीची ग्रँड प्री इथे झाली नाही. त्या मार्गावर मरण नायकाच्या बरोबरीने पाहणाऱ्यांच्याही वाट्याला आलेले आहे. पडद्यावरच्या मोन्झात ते फक्त सार्तीच्या वाट्याला येते.

आम्ही पॅराबोलिकाच्या बाजूलाही गेलो. कुणी हौशी माणसे आपल्या मोटारी पळवत होती. दहा-बारा लोक कुंपणाच्या तारेला नाक लावून उभे होते. त्यांत मीही जाऊन उभा राहिलो. मोटार जवळ आली की प्रत्येक जण थोडा पुढे झुके. मला आधी वाटले, आपण वेग पाहायला झुकतो आहोत. वेग तर दुरूनही दिसतो. जवळ जावेसे वाटते ते निराळ्या कारणाने, आणि ते कारण तोंडावर आणायला कुणी तयार नसतो. चित्रपटात सार्तीची प्रेयसी लुईस रक्ताने माखलेले हात छायाचित्रे घेणाऱ्यांच्या गर्दीपुढे धरते आणि तुम्हाला हेच हवे होते ना, अशा अर्थाचा सवाल टाकते. सबंध चित्रपटातला हा सर्वांत धीट क्षण. परंतु ती विचारते तो माणूस कोण आहे, याची चौकशी चित्रपट करत नाही. प्रश्न विचारून तो शर्यतीकडे परत जातो.

आणि गंमत अशी, की उत्तर त्याच्या हाताशी होते. या चित्रपटातील गर्दीची बरीच दृश्ये १९६६ च्या हंगामात खऱ्या शर्यतींच्या वेळी टिपलेली आहेत. चालक नट आहेत, त्यांचे मरण लटके आहे. खरा आहे तो तिकीट काढून आलेला प्रेक्षक. एवढे अस्सल माणूस हाती असताना सॉल बास यांनी त्याचे छोटे छोटे चौकोन करून पडद्यावर साडीच्या नक्षीसारखे मांडले. डोळ्याला ते फार सुंदर दिसते. माणूस मात्र त्यात उरत नाही.

हे दुसऱ्या रीतीने करता येते का, असा प्रश्न वाचक विचारील. येते. मायकेल मान यांचा २०२३ चा ‘फेरारी’ हा चित्रपट पाहावा. १२ मे १९५७ रोजी मिल्ले मिल्या या शर्यतीत ग्विदित्सोलो गावाजवळ टायर फुटून मोटार उडाली. दोघे मोटारीतले आणि नऊ बघे मेले, त्यांत पाच मुले होती. मान अपघाताआधी आपल्याला एका घरात नेतात. कुटुंब जेवायला बसले आहे. मोटारींचा आवाज येतो आणि पोरे ताटावरून उठून रस्त्याकडे पळतात. बस्स, एवढेच. पण त्यानंतर मोटार उडते तेव्हा आपण चालकाच्या बाजूला नसतो. त्या उष्ट्या ताटांच्या बाजूला असतो. एकंदर चित्रपट म्हणून ‘फेरारी’ ‘ग्रँड प्री’च्या वेगाला पोचत नाही, असे माझे मत आहे. तरी ते कर्ज त्याने एका दृश्यात फेडले.

‘ग्रँड प्री’ला खाली पाडण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याचा शेवट मला आजही मोठा वाटतो. सारे संपले आहे, लोक घरी गेले आहेत, आणि जिंकलेला अ‍ॅरन मोकळ्या मार्गावरून एकटाच चालतो आहे. कानांत तेवढी इंजिने गर्जत आहेत. तीन तास धावलेला चित्रपट इथे मोटारीतून उतरून पायी चालू लागतो. दिग्दर्शकाच्या मनालाही शंका शिवली होती, याची ही खूण आहे. जेतेपद मिळाल्यावर हातात काय उरते, हा प्रश्न तो अ‍ॅरनपुरता प्रामाणिकपणे विचारतो.

परंतु त्या मोकळ्या मार्गावर चालण्याचा हक्क अ‍ॅरनएवढाच आणखी कुणाचा तरी आहे. मोन्झाच्या एका वळणाला अल्बेर्तो अस्कारीचे नाव आहे. तो १९५५ मध्ये तिथेच मेला. पॅराबोलिकाला २०२१ मध्ये मिकेले अल्बोरेतोचे नाव मिळाले. राजाला मंदिर आहे. तिकीट काढून कुंपणाशी उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव एकाही वळणाला नाही. मार्ग बांधणारे वळणांना चालकांचीच नावे देणार. त्यात नवल नाही. त्यांच्याकडून राहिलेले काम करण्यासाठीच तर चित्रपट आणि कादंबऱ्या असतात. ‘ग्रँड प्री’ने मोन्झाचा आवाज उचलला, वेग उचलला, ती अवघड भिंतसुद्धा उचलून पडद्यावर उभी केली. कुंपणाशी झुकलेला माणूस तेवढा तिथेच राहिला.