क्रीडाक्षेत्रातील स्टेरॉइडसेवन आणि रक्तपरीक्षा : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

उत्तेजक द्रव्यांच्या सेवनाचा वाद उद्भवला की प्रयोगशाळेचा अहवाल हाच अंतिम शब्द मानण्याची प्रथा आहे. स्टॅनोझोलॉलसारख्या कृत्रिम द्रव्याच्या बाबतीत ते योग्यच होय. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचे सुवर्णपदक मूत्रात ते द्रव्य सापडल्यामुळेच काढून घेण्यात आले. टेस्टोस्टेरॉनची गोष्ट निराळी आहे. हे संप्रेरक प्रत्येकाच्या शरीरात मुळातच तयार होते. त्यामुळे ते सापडणे पुरेसे नसते, ते बाहेरून आले हे सिद्ध करावे लागते. या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ मूत्रात शोधले गेले. रक्ताकडे लक्ष वळण्यास झालेला विलंब आणि त्या विलंबाची खेळाडूंनी मोजलेली किंमत यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

सरासरी माणसाचा निकष

टेस्टोस्टेरॉन व एपिटेस्टोस्टेरॉन यांचे मूत्रातील प्रमाण बहुतेकांत साधारणतः एकास एक असते. या गृहीतकावर १९८० च्या दशकात सहास एक ही मर्यादा ठरविण्यात आली. २००५ मध्ये जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेने (वाडा) ती चारास एक केली. ठरावीक मर्यादा हे लबाडीला दिलेले आमंत्रणच ठरते. पूर्व जर्मनीत खेळाडूंना एपिटेस्टोस्टेरॉन देऊन हे गुणोत्तर सावरले जाई. पुढे अमेरिकेतील बाल्को प्रकरणात उघडकीस आलेल्या मलमातही ही दोन्ही द्रव्ये एकत्र होती.

परंतु निकषाचा खरा दोष लबाडीत नसून शरीरभेदात आहे. टेस्टोस्टेरॉन मूत्रावाटे बाहेर टाकण्यास जे विकर साहाय्य करते, त्याचे यूजीटी२बी१७ हे जनुक काही व्यक्तींमध्ये अजिबात नसते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत कोरियन पुरुषांपैकी सुमारे दोनतृतीयांश, तर स्वीडिश पुरुषांपैकी शेकडा दहाहूनही कमी जणांत हा अभाव आढळला. २००८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी ५०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचून पाहिले, तेव्हा जनुक नसलेल्यांपैकी शेकडा ४० जणांचे गुणोत्तर चारापर्यंत पोचलेच नाही. उलट, ज्यांचे गुणोत्तर जन्मतःच उंच आहे, त्यांनी काहीही न घेता संशयाला तोंड द्यावयाचे. एकच फूटपट्टी सर्वांना लावली म्हणजे न्याय झाला, ही समजूत येथे टिकत नाही.

रक्ताचे स्थान

वरील जनुकाचा परिणाम प्रामुख्याने मूत्रोत्सर्जनावर होतो. रक्तरसातील टेस्टोस्टेरॉनच्या मापनास तो तितकासा बाधत नाही. स्त्री खेळाडूंच्या बाबतीत हा भेद अधिक महत्त्वाचा ठरतो. त्यांच्या मूत्रातील टेस्टोस्टेरॉन मुळातच अल्प असते, आणि मासिक चक्र व गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे मूत्रातील गुणोत्तर हेलकावे खाते. रक्तरसातील टेस्टोस्टेरॉन व अँड्रोस्टेनेडायोन यांचे प्रमाण त्या मानाने स्थिर राहते. असे असूनही खेळाडूच्या जैविक पारपत्रात मूत्रातील स्टेरॉइडांची नोंद २०१४ पासून, तर रक्तातील नोंद २०२३ मध्ये सुरू झाली.

रक्ताचा आणखी एक लाभ निर्विवाद आहे. टोचून घ्यावयाचे टेस्टोस्टेरॉन बहुधा एस्टर स्वरूपात असते, आणि असे एस्टर मानवी शरीर तयार करीत नाही. रक्तात ते अखंड सापडले की अनुमानाची गरजच उरत नाही. बोटाच्या किंवा दंडाच्या रक्ताचे काही थेंब कागदावर सुकवून नमुना घेण्याच्या पद्धतीस २०२१ मध्ये नियमबद्ध रूप आले व २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिचा वापर झाला. मात्र त्वचेवर लावावयाच्या जेलमध्ये एस्टर नसते. तसेच गोळ्यांतून घेतलेल्या अनेक कृत्रिम स्टेरॉइडांचे अवशेष मूत्रातच दीर्घकाळ टिकतात. तेव्हा रक्ताने मूत्राची जागा घेतली, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. शिवाय रक्तातील टेस्टोस्टेरॉन सकाळी अधिक व सायंकाळी कमी असते. नमुन्याची वेळ काटेकोरपणे नोंदली नाही तर आकडा दिशाभूल करतो.

आकड्यांचा अर्थ

जैविक पारपत्रात खेळाडूची तुलना सरासरी माणसाशी न होता त्याच्याच पूर्वीच्या नोंदींशी होते, ही मोठी सुधारणा होय. तथापि नोंद असामान्य का झाली, हे आकडा सांगत नाही. जर्मन स्केटिंगपटू क्लॉडिया पेश्टाइन हिच्यावर २००९ मध्ये दोन वर्षांची बंदी आली, ती रक्तातील अपक्व तांबड्या पेशींच्या वाढलेल्या प्रमाणावरून. निषिद्ध द्रव्य कोणतेही सापडले नव्हते. हे प्रकरण स्टेरॉइडांचे नव्हे, परंतु रक्तावरून काढलेल्या अनुमानाचे म्हणून येथे प्रस्तुत ठरते. पुढे रक्तविकारतज्ज्ञांनी तिच्यात तांबड्या पेशींच्या आनुवंशिक विकाराचे निदान केले, आणि २०१५ मध्ये जर्मन ऑलिंपिक संघटनेने तिची बाजू उचलून धरली. तोवर २०१० ची व्हँकुव्हर स्पर्धा हुकली होती.

पारपत्राच्या पद्धतीत तीन तज्ज्ञांचे एकमत आवश्यक असते आणि त्यांना प्रथम खेळाडूचे नाव कळू दिले जात नाही. ही खबरदारी स्वागतार्ह आहे. परंतु संशय आल्यावर त्याचे निराकरण करणारा वैद्यकीय पुरावा उभा करण्याचा भार प्रत्यक्षात खेळाडूवरच पडतो. पेश्टाइन पाच ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी होती. तिच्या हाती वकील होते, तज्ज्ञ होते. जिल्हास्तरावरून नुकत्याच वर आलेल्या धावपटूला रक्तविकारतज्ज्ञाचे शुल्क कोणी द्यावे, याविषयी पारपत्राचे नियम मौन बाळगतात.