तिलिस्म तुटल्यावर झाडे कुठे जातात?

'तिलिस्मे-होशरुबा' आम्ही चंद्रपूरच्या उर्दू शाळेतल्या मुलांना तोंडीच सांगतो. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून 1883 पासून निघालेले ते जाडजूड खंड त्यांच्या हाती कसे द्यावेत? पहिले चार मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे.

अमर अय्यारच्या झोळीत अख्खी दुनिया मावते, त्यावर मुले खूष! आम्हाला मात्र भावते ती लौह, म्हणजे तिलिस्माची पाटी. ती वाचल्याशिवाय तिलिस्म फुटत नाही. मास्तराला आणखी काय हवे?

पण जादू मोडली की बागा, पाखरे सारेच नाहीसे होते आणि दास्तानगो विजयाचा डंका पिटत पुढे निघतो. "सर, मग झाडं कुठं जातात?" एका मुलाने विचारले. त्याच्या घरचे उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जातात. दास्तानीत याला उत्तर नाही, आणि हा तिचा मोठाच उणेपणा आहे असे आम्हाला वाटते.

अकबराच्या चित्रशाळेने सोळाव्या शतकात हमजाची दास्तान कापडावर रंगवली, सुमारे 1400 चित्रे. त्यांतली झाडे पानापानाने रंगवलेली. त्यातले एक चित्र आम्ही त्या मुलाला दाखवले. त्याने आधी झाड पाहिले, हमजा नंतर.