तानेपुरता ख्याल

मोबाइलमुळे शास्त्रीय संगीताचा श्रोता उथळ झाला, ही तक्रार इतकी सर्रास झाली आहे की ती तपासून पाहण्याचे कष्ट कुणी घेत नाही. तिचा सारा रोख वेळेवर असतो: रात्रभर मैफल ऐकणारा रसिक चाळीस सेकंदांच्या रीलवर आला. पण वेळ हाच निकष लावायचा, तर ७८ आर.पी.एम.ची तबकडीही दोषी ठरेल. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेब राग उभा करत. आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवीही साडेतीन मिनिटांचीच आहे. म्हणजे प्रश्न लांबीचा नव्हे, कात्री कुणाच्या हातात आहे याचा. तबकडीसाठी गायक स्वतः राग आटवत असे. कुठून उचलायचा, कुठे सोडायचा, हे त्याचे त्याने ठरवलेले असे. रीलसाठी तासाभराच्या गायनातून एक द्रुत तान आणि समेवरची टाळी तेवढी उचलतात. उचलणारा बहुधा तिसराच कुणी असतो.

याने काय हरवते ते मारव्यात स्वच्छ दिसते. पंचम वर्ज्य, मुक्काम कोमल ऋषभावर आणि धैवतावर, आणि तानपुऱ्यात षड्ज घुमत असूनही गायक त्याला चुकवत राहतो. अमीर खाँसाहेबांची मारव्याची एल.पी. ऐकावी: हुरहुर साठत जाते, म्हणूनच षड्ज लागला की सुटका होते. तो षड्ज कापून दाखवला तर तो कुठल्याही रागातला षड्ज आहे. बढत ही तानेची पूर्वतयारी नव्हे. तानेला अर्थ तिच्यामुळेच येतो.

यावर कुणी म्हणेल, जुनी मैफल तरी कुणासाठी खुली होती? आक्षेप खरा आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचे गाणे एकाही तबकडीवर नाही, ते बैठकीला बसलेल्यांबरोबरच संपले. आज आडगावच्या विद्यार्थिनीला किशोरीताई हव्या तेव्हा ऐकता येतात, अवघड जागा पुन्हापुन्हा लावून गळ्यात बसवता येते. हे नाकारणे हा निव्वळ दिवाणखान्यातला अहंकार. रीलवरून काहीजण पूर्ण गायनाकडे वळतात, हेही मान्य. पण परिणाम श्रोत्यापाशी थांबत नाही. बैठकीतली दाद गायकाला तिथल्या तिथे मिळते, पुढचे आवर्तन तिच्यावर फुलते. लाइक मिळतो तेव्हा गाणे कधीच संपलेले असते. शिवाय टाळीची जागा आधीच ठाऊक असलेला श्रोता समोर असला की विलंबित आवरते घेण्याचा मोह तरुण गायकाला होणारच. (गायकाला घड्याळ दाखवण्याची सवय महोत्सवांच्या संयोजकांना होतीच, सगळे पाप मोबाइलच्या माथी मारू नये.)

तेव्हा संयोजकांनी दोन गोष्टी कराव्यात: तुकडा गायकाला निवडू द्यावा, आणि त्याच्याखाली पूर्ण गायनाची लिंक द्यावी.